पाठीमागची पावलं

"नाही हो, लागलं नाही, जरा घसरलो," असं तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय म्हणालो. रस्त्याखालून जाणाऱ्या बोगद्याच्या पायऱ्या कोणीतरी नुकत्याच धुतल्या होत्या. उतरताना शेवटच्या एकदोन पायऱ्या उरल्या असतील, तेवढ्यात त्याच्या बुटाचा तळ सरकला, हातातली पिशवी निसटली, कठडा धरायला गेलेला हात हवेतच राहिला आणि मागून येणाऱ्या एका बाईनं त्याचं कोपर घट्ट धरलं. तिच्या दुसऱ्या कडेवर मूल होतं. "लागलं का हो मावशी?" तिनं विचारलं. इतक्या आपलेपणानं विचारलं की त्या आपलेपणातच तो सापडला. 'घसरले' म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं तो तेच म्हणत आला होता. आले, गेले, थांबले, दमले. लिहायला गेलं तर एका कान्याचा फरक. पण पाय सरकतो तेव्हा माणूस लिहीत नसतो. बाईची पकड लगेच सुटली नाही, हे त्याच्या लक्षात राहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आधी हनुवटीकडे, मग गळ्याभोवती गुंडाळलेल्या रुमालाकडे, मग हळूहळू बोटं सैल केली, खाली वाकून पिशवी उचलली आणि त्याच्या हातात दिली. "सांभाळून जा," ती म्हणाली. मावशी म्हणाली नाही. बोगद्याच्या तोंडाशी कठड्याला टेकून तिघं तरुण उभे होते. त्यातला पिवळ्या शर्टाचा एक, चव घेतल्यासारखं, अगदी सावकाश म्हणाला, "घसरलो." आणि मग दुसऱ्याला, "ऐकलंस का? घसरलो म्हणाली."

तो चालू लागला. पळायचं नाही, हा त्याचा पहिला नियम होता. पळतो तो चोर. चालतो त्याला कामं असतात. बोगदा लांब होता, वर दिवे होते, भिंतीवर पांढऱ्या फरशा होत्या आणि फरशांमुळे प्रत्येक आवाज दोनदा ऐकू येत होता. आवाज हाच त्याचा धंदा. एका मोठ्या रुग्णालयात लोकांचे कान तपासायचं काम तो करत असे. गाद्या ठोकलेल्या भिंतींची एक लहानशी खोली, तिला जाड काच, काचेच्या आत रोगी आणि बाहेर हा. आवाज आला की हात वर करा, कितीही बारीक असला तरी करा. दिवसभर तो हेच सांगायचा, आणि काचेपलीकडे म्हातारी माणसं शाळेतल्या मुलांसारखी शहाण्या चेहऱ्यानं हात वर करायची. काही जण आवाज नसतानाही करायचे, नापास होऊ नये म्हणून. आता त्याला मागून तीन जोड्या बुटांचे आवाज येत होते, एक रबरी, एक चामडी, आणि एक टाच घासत चालणारा. घासणारा पिवळ्या शर्टाचा असावा असं त्याला वाटलं. अंतर कमी होत नव्हतं, वाढतही नव्हतं. म्हणजे त्यांना अजून ठरवायचं होतं.

याला सुरुवात अशी नव्हती. लोकांना सुरुवात हवी असते. बायकोनंही पहिला प्रश्न तोच विचारला होता, "कधीपासून?"  रुग्णालयात रोगी येतात, त्यांना विचारलं की ऐकू येणं कधीपासून कमी झालं, तर प्रत्येक जण एक दिवस सांगतो. ताप आला होता तेव्हापासून, कारखान्यात स्फोट झाला तेव्हापासून. खरं म्हणजे ते त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. त्या दिवशी फक्त लक्षात येतं. त्याच्या बायकोच्या लक्षात आलं ती एक साधी संध्याकाळ होती. ती काम करायची त्या वाचनालयातली वीज गेली म्हणून ती लवकर घरी आली. तो खिडकीपाशी बसून निळ्या झग्याची किनार आत दुमडत होता, आणि झगा त्याच्या अंगावरच होता. ती दारात उभी राहिली. पिशवी खाली ठेवली नाही. मग स्वयंपाकघरात गेली, दूध तापत ठेवलं, आणि ते उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला सांगितलंत ते बरं केलंत असं मी म्हणणार नाही. सांगितलंतच नाही तुम्ही. मला दिसलं." पुढे बऱ्याच दिवसांनी तिच्या अटी आल्या, त्याही एकदम नव्हे, कपडे वाळत घालताना, दिवा मालवताना, एकेक करून. मुलीला कळता कामा नये. या वस्तीत नको. माझ्या कपड्यांना हात लावायचा नाही. "झाकली मूठ आहे, तोवर ठीक आहे," ती म्हणायची. तिचं प्रेम गेलं का, हे त्यानं विचारलं नाही. गेलं असतं तर ती अटी घालत बसली नसती, असा त्यानं अर्थ लावला होता.

मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेल्यावर आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तो बाहेर पडू लागला. अंगावर लांब कोट, डोक्यावर केसांचा टोप, त्यावर रुमाल, मागच्या जिन्यानं खाली, आणि मग बस धरून शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं काय करायचा? काही नाही. बटणं बघायचा. लेस घ्यायचा, न घ्यायचा. बागेतल्या बाकावर बसायचा. बसमध्ये कोणी उठून "बसा मावशी" म्हणालं की बसायचा. पन्नाशी ओलांडल्यावर त्याला हे मावशीपण मिळालं होतं आणि ते अंगाला नीट बसलं होतं. तरुणपणी मिळालं असतं तर कदाचित तंग झालं असतं. म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईकडे कोणी बघत नाही, हा त्याला लागलेला मोठा शोध होता. लोकांची नजर तिच्यावरून खांबावरून घसरावी तशी घसरते. आनंद वगैरे त्याला होत नसे. उलट, एरवी दिवसभर अंगात कुठेतरी जी एक बारीक शिट्टी चालू असते, ज्या शिट्टीची रोगी तक्रार करतात आणि यंत्रात जी कधीच सापडत नाही, ती त्या दुपारी बंद असे. एवढंच.

बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून तो उन्हात आला. समोर कापडाची, धाग्यांची, बटणांची दुकानं असलेला रस्ता होता. मागचे तिघं आता मोठ्यानं बोलत होते, त्याच्याशी नव्हे, पण त्याला ऐकू जावं असं. "ताई, थांबा की." "ताई नाही रे, ताऊ." मग हसणं. घाबरल्यासारखं दिसायचं नाही, हा दुसरा नियम. मागं वळून बघायचं नाही. बघायचंच असेल तर दुकानाच्या काचेत बघायचं. काचेत त्याला पिवळा शर्ट दिसला, आणि त्याच्या अलीकडे एक उंच, खांदे पाडून चालणारी बाई दिसली. ही बाई इतके दिवस कोणाच्या डोळ्यांवर आली नव्हती, आणि आज एका शब्दानं तिचे खांदे रुंद झाले होते, मनगटं जाड झाली होती, पावलं मोठी. त्यालाही आता तेच दिसत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं काहीतरी. तो ओळखीच्या बटणवाल्याच्या दुकानात शिरला.

बटणवाला त्याला ओळखत होता. म्हणजे महिन्या दोन महिन्यांनी येणारी, फार न बोलणारी, हाडाची बटणं आवडणारी बाई त्याला ठाऊक होती. "या बाई," तो म्हणाला, आणि सवयीनं खालचा खण ओढला. बटणं एकमेकांवर घरंगळल्याचा आवाज झाला. तिघं दारात येऊन थांबले. आत आले नाहीत. "शेठ," पिवळ्या शर्टाचा म्हणाला, "ही बाई नाही बरं का. विचारा तिला. विचारा, पायऱ्यांवर काय झालं ते सांग म्हणावं." बटणवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग याच्याकडे. बघताना त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्याला कदाचित आधीपासून माहीत होतं, कदाचित पहिल्या दिवसापासून, आणि याला ते त्या क्षणी जितकं लागलं तितकं पुढचं काहीच लागलं नाही. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, दोघी जणी, झिप निवडत होत्या. त्यांनी झिप खाली ठेवल्या. बटणवाल्यानं खण आत ढकलला. "बाई," तो अगदी हळू, जवळजवळ विनवणी केल्यासारखा म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर व्हा. दुकानात तमाशा नको. धंद्याची जागा आहे." तो अजूनही 'बाई' म्हणत होता, 'तुम्ही' म्हणत होता. मान राखून त्यानं याला बाहेर काढलं.

पुढचं सगळं फार पटकन झालं, पण आठवताना ते त्याला नेहमी सावकाश आठवतं, आणि आवाज तुटक. पायरी उतरल्याबरोबर रुमाल मागून ओढला गेला, त्याबरोबर टोपही. डोक्याला वारा लागला. एवढ्या उन्हात डोकं गार पडलेलं त्याला जाणवलं. पिवळ्या शर्टाच्या पोरानं टोप आपल्या डोक्यावर चढवला आणि कमरेवर हात ठेवून दोन पावलं नाचून दाखवली. त्याला तो शोभत होता. लोक हसले. हसण्यात राग नव्हता. तेवढ्यावर भागलं असतं, असं त्याला वाटतं. पण हसणाऱ्यांच्या मागे जे नंतर आले, त्यांना काय झालं ते माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत नसतं तो विचारतो, आणि विचारलं की कोणीतरी उत्तर देतंच. "काय झालं?" "बाईचा वेष घेऊन फिरतोय." "कशाला?" "कशाला म्हणजे? पोरं पळवायला. दुसरं कशाला?" हे कोण म्हणालं ते कळलं नाही. पण आवाजाची पट्टी बदलली, ते त्याच्या कानाला कळलं. हसणं वरच्या स्वरात असतं. आता सगळा आवाज खाली उतरला, छातीत आला. "तिकडे पायऱ्यांवर एका बाईच्या पोराला धरत होता. मी बघितलं." "फोन घे, फोन घे, चेहरा येऊ दे." दोन-तीन हातांत फोन वर झाले. कोणीतरी हनुवटी धरून त्याचा चेहरा उन्हाकडे वळवला.

मारणारा माणूस त्याच्यापेक्षा वयानं मोठा होता. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातात सामानाची पिशवी, त्यातून पावाची लादी डोकावत होती. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला असावा. रुग्णालयात अशी माणसं वेळेच्या आधी येऊन बसतात आणि आपला क्रमांक चुकला तर नम्रपणे आठवण करून देतात. त्यानं पिशवी शेजारच्याच्या हातात धरायला दिली. चष्मा काढून खिशात ठेवला. मग डाव्या कानाखाली वाजवली. "आमच्या घरी नाती आहेत," तो म्हणाला. किंवा तसं काहीतरी म्हणाला, कारण त्या बाजूनं आता फक्त एक लांबलचक स्वर येत होता, चार हजार हर्ट्झच्या आसपासचा, आणि त्या स्वराच्या आत कुठेतरी लोक बोलत होते. त्यानं कानावर हात ठेवला. आपण काही बोलायला हवं, असं त्याला वाटलं. पण बोलायचं तर क्रियापद लावायला हवं, आणि कुठलंही लावलं तरी ते त्याच्यावर उलटणार होतं. तो गप्प राहिला. गप्प राहणं म्हणजे कबुली, असं कोणीतरी म्हणालं. एक बूट पायातून निघाला होता. तो कोणीतरी लाथेनं गटाराकडे ढकलला.

मग मूल असलेली बाई आली. ती स्वतःहून आली नव्हती, तिला शोधून, दंडाला धरून पुढे आणलं होतं. "सांगा बाई, याच्यासमोर सांगा. पोराला हात लावला ना यानं?" मूल रडत होतं. गर्दीला घाबरून रडत होतं, पण रडणं हे रडणंच असतं, ते पुरावा म्हणून चालतं. बाईनं मुलाचं डोकं खांद्यावर दाबलं. ती तरुण होती, दमलेली होती, तिला कुठेतरी पोचायचं होतं. तिनं मनात काय काय तोललं असेल याचा विचार तो पुढे पुष्कळदा करायचा. नाही म्हणाली तर गर्दी तिच्यावर उलटेल; हो म्हणाली तर हा मरेल. मला माहीत नाही, असंही म्हणता आलं असतं, आणि तिला कोणी दोष दिला नसता. "नाही," ती म्हणाली. "पोराला नाही लावला हात. त्या घसरून पडत होत्या. मीच धरलं त्यांना." "त्या!" पिवळ्या शर्टाचा ओरडला, "त्या म्हणते! त्या कोण? नीट बघ तरी!" "दिसतंय मला," ती म्हणाली. "मला धरून आणलंत, विचारलंत, मी सांगितलं. सोडा आता, माझी बस चुकेल." गर्दीत थोडी फट पडली. तीतून ती निघून गेली. तिला परत एकदा बघावं अशी इच्छा त्याला झाली नाही. आपल्याला असं बघितलेल्या माणसाला पुन्हा भेटू नये, असंच त्याला वाटत आलं. त्याच फटीतून चौकातला वाहतूक पोलीस आत शिरला होता. त्याला बोलावलं ते बटणवाल्यानं, हे त्याला नंतर कळलं. एकाच माणसानं बाहेर काढलं आणि त्याच माणसानं वाचवलं. हा हिशेब त्यानं पुढे कधी पुरा केला नाही.

पोलीस चौकी दोन खोल्यांची होती. भिंतीला हिरवा रंग, एक लाकडी बाक, एक पंखा, पाण्याचं पिंप. टेबलामागे बसलेला हवालदार पोटाचा, मिशांचा, आणि दुष्ट मुळीच नव्हता. त्यानं आधी बाहेरच्या पोरांना हाकललं, मग याला पाणी दिलं, मग कानातून थोडं रक्त येतंय असं त्यानंच सांगितलं. "काय काम करता?" रुग्णालयाचं नाव ऐकल्यावर तो खुर्चीत जरा सरळ बसला. त्याच्या सासूबाईंचे कान तिथंच तपासले होते. "मग हे काय हो? चांगले शिकलेसवरलेले दिसता."  हवालदारानं थोडा वेळ वाट पाहिली, मग डोकं खाजवलं, मग स्वतःच वाट काढून दिली. "नाटक वगैरे आहे का? तालीम होती, कपडे बदलायला वेळ मिळाला नाही, असं काही? तसं म्हणा. तसं म्हटलंत की मी बाहेर जाऊन सांगतो, नाटकवाले आहेत, चला, घरी जा सगळे. दोन मिनिटांत मोकळे व्हाल." ती वाट खरंच चांगली होती. रुंद होती, शेवटी घर होतं. तो तोंड उघडणार तेवढ्यात दारातून त्याची बायको आत आली. वाहतूक पोलिसानं फोन केल्यावर वाचनालयातून निघून, वाटेत घरी थांबून ती तशीच आली होती, केसांत पेन्सिल खोचलेली राहिली होती. हातात कागदी पिशवी होती, तिच्यात त्याचा शर्ट आणि पँट.

ती त्याच्याकडे बघून थांबली नाही. टेबलापाशी गेली. "मी यांची बायको." हवालदार उठून उभाच राहिला. "बसा वहिनी. घाबरू नका. हे नाटकात वगैरे असतात ना? मी तेच विचारत होतो." ती बसली नाही. पंख्याचा आवाज येत होता, तोही याला एकाच कानानं. तिच्या पाठीकडे बघत असताना त्याच्या मनात आलं, की आता ती हो म्हणेल, आणि ते योग्यच होईल, झाकली मूठ तशीच राहील. "नाटकात?" ती म्हणाली. "नाही." हवालदार गोंधळला. "म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?" "होतं." "किती... म्हणजे, पहिल्यापासून?" "पहिल्यापासून कोणाला कोणाचं काय माहीत असतं?" ती म्हणाली. "हे कोणाला त्रास देत नाहीत. फिरून घरी येतात. यांना मारलं कोणी ते तुम्ही विचारलंत का?" हवालदारानं मान खाली घातली. त्यानं ते विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी, पिशवीत पाव असलेला, नाती असलेला, असं वर्णन सांगून काय होणार होतं? आतल्या खोलीत त्यानं कपडे बदलले. निळा झगा पिशवीत गेला. बुटाचं काय करायचं ते कळेना. एकच उरला होता. तो त्यानं बाकाखाली ठेवला, नीट, भिंतीला लावून, आणि मोज्यांवर बाहेर आला. रिक्षात बायको बराच वेळ बाहेर बघत होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "मी ते तुमच्यासाठी नाही म्हटलं. मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. तेवढंच समजा." तो बरं म्हणाला. ती डाव्या बाजूला बसली होती, त्यामुळे यातले निम्मे शब्द त्यानं तिच्या ओठांवरून घेतले.

कानाचा पडदा फाटला होता. रुग्णालयातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावून बघितलं, आणि कशानं झालं ते विचारलं नाही. थप्पडीनं फाटलेला पडदा कसा दिसतो ते त्यांना ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. "भरून येईल. पाणी जाऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. हात धुताना, पाठमोऱ्या, म्हणाल्या, "सुट्टी हवी तर घ्या. घेतलीत तर लोक म्हणतील तोंड लपवतोय, नाही घेतलीत तर म्हणतील लाज नाही. तेव्हा तुमच्या कानाला काय सोसेल ते बघा." म्हणजे चित्रफीत त्यांच्यापर्यंत पोचली होती. सगळ्यांपर्यंत पोचली होती. अर्ध्या मिनिटाची होती म्हणे. त्यानं स्वतः ती पाहिली नाही. त्यानं सुट्टी घेतली नाही. रोगी आले, काचेआड बसले, हात वर करत राहिले. एकानं हात वर करता करता त्याच्याकडे निरखून पाहिलं, आणि मग आवाज येऊनही हात वर करायचा राहून गेला. दुसऱ्या पाळीतली माणसं त्याच्याशी पूर्वीपेक्षा जास्त गोड बोलू लागली. त्याला वेगळीच गोष्ट खटकत होती. पूर्वी शर्ट-पँट चढवली की तो सुरक्षित असे. ते कपडे म्हणजे एक भिंत होती, तिच्याकडे कोणी वळूनही बघत नसे. आता त्या कपड्यांतही मागून पावलं आली की त्याची मान आखडायची. घरी जाताना तो दुकानांच्या काचांत बघायचा. शर्टातला एक माणूस दिसायचा, खांदे पाडून चालणारा, मागे कोण आहे ते बघणारा.

शनिवारी दुपारी मुलगी आली. येते म्हणून कळवलं नव्हतं. पाठीवरची पिशवी दारात टाकली, हात धुतले, टेबलाशी येऊन बसली. बायकोनं पाव भाजले, अंडी केली. तिघं जेवायला बसले. मुलीनं अंड्याचा पिवळा भाग फोडला, तो ताटलीत पसरू दिला, आणि खाल्ला नाही. लहानपणी तिला तो भाग सगळ्यात शेवटी खायचा असे. "वर्गातल्या एकीनं पाठवली," ती एकदम म्हणाली, कोणी काही विचारलेलं नसताना. "खाली हसण्याची चित्रं लावून. मीही हसले, बाबा. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी हसले. मग पुन्हा लावली, परत हसायला म्हणून. तेव्हा तुम्ही कानावर हात ठेवलात. तो हात मी ओळखला." बायको "अगं," म्हणाली आणि थांबली. "दोन तास मी न्हाणीघरात बसून होते," मुलगी म्हणाली. "मला तुमचा राग आला होता. अजून आहे. तुम्ही ते घालता म्हणून आहे, की मी हसले म्हणून, ते मला कळत नाही. तुम्ही सांगा."  समजावण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं, तरी काहीतरी द्यायला हवं म्हणून तो घाईघाईनं बोलू लागला, स्वतःच्या बचावाला उभं राहिल्यासारखा. "मी काळजी घेत होतो, बाळा. तू समजतेस तसा बेफिकीर नव्हतो. अंधार पडायच्या आत परतायचो. माणसं असलेल्या रस्त्यानंच जायचो. कोणी काही बोललं तर ऐकू न आल्यासारखं करायचं. मागं बघायचं नाही, काचेत बघायचं. पळायचं नाही. किल्ली हातात..."

मुलगी त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" "कोणी नाही. आपोआप कळतं." "आपोआप नाही कळत," ती म्हणाली. "मला आईनं शिकवलं. पाचवीत होते मी." त्यानं बायकोकडे पाहिलं. ती पावाचे तुकडे बोटानं गोळा करत होती. "पाचवीत?" तो म्हणाला. "कोणी काही... तेव्हा काही झालं होतं?" "शाळेच्या रस्त्यावर एक माणूस होता," बायको म्हणाली. "नंतर गेला तो. सांगण्यासारखं नव्हतं." "मी कुठे होतो?" "घरातच होतात. बाहेरच्या खोलीत." ती हे आरोप केल्यासारखं म्हणाली नाही. वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं म्हणाली. त्याच घरात, मधल्या एका भिंतीपलीकडे, या दोघींनी हे सगळं कधीतरी बोलून घेतलं होतं, रस्ते ठरवले होते, वेळा ठरवल्या होत्या, आणि तो वर्तमानपत्र वाचत असेल. त्याचे कान तेव्हा चांगले होते. "काचेत बघणं मात्र मला माझं मला सुचलं," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात थोडासा अभिमान होता, आणि तो तिला स्वतःलाच आवडला नाही.

 मग, हे विचारावं की नाही याचा विचार न करता, एका जाणत्या माणसानं दुसऱ्याला विचारावं तसं त्यानं विचारलं, "पण पावलं आली तर? मागून पावलं आली, आणि रस्त्यात दुसरं कोणीच नसलं, तर? ते मला अजून जमत नाही."

"मी फोनवर बोलते."

"कोणाशी?"

"कोणाशीच नाही. फोन बंदच असतो. नुसता कानाला लावायचा आणि मोठ्यानं बोलायचं, मागच्याला ऐकू जाईल असं."

"काय बोलायचं?"

मुलीनं आईकडे पाहिलं, मग ताटलीकडे. "मी म्हणते, हो बाबा, दिसलात, कोपऱ्यावर आहात ना, तिथंच थांबा, आलेच मी."

त्याला ते नीट ऐकू आलं. ती त्याच्या उजव्या हाताला बसली होती.

"मग जातात का ते?" त्यानं विचारलं.

"बहुतेक वेळा जातात," ती म्हणाली, आणि काट्यानं अंड्याचा तो गार झालेला पिवळा भाग पुढे ओढून घेतला. "तुमचा बराच उपयोग होतो."